चढ म्हणजे एकामागे किती?



२०१८ साली आलेली दहावीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. भाग १ चं पहिलंच प्रकरण आहे 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. तिथे समीकरण दिलेलं असतं आणि आपण त्याची रेषा काढतो. भाग २ चं पाचवं प्रकरण आहे 'निर्देशक भूमिती'. तिथे दोन बिंदू दिलेले असतात आणि आपण रेषेचा चढ काढतो. पण 'हा चढ त्या समीकरणात नेमका कुठे बसलाय?' हा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो. त्याचं उत्तर मुलांना मिळतं अकरावीत, तेही गणित घेतलं तर.

मी भोसरीजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात किंवा थेट कामाला लागतात. म्हणजे चढ आणि समीकरण यांची गाठ त्यांच्या आयुष्यात पुस्तकातून पडतच नाही. म्हणून ही गाठ मी दहावीतच घालून देते. चार तासिका लागतात. त्या कशा घेते ते इथे लिहिते आहे. (पुस्तकातले एक्स आणि वाय इथे क्ष आणि य असे लिहिले आहेत. चढासाठी म.)

रिक्षाचा मीटर

चढाचं सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मी फक्त एक प्रश्न लिहिते: 'एकामागे किती?' एका किलोमीटरमागे किती रुपये? एका तासामागे किती लिटर? क्ष एकाने वाढला की य कितीने बदलतो, तो चढ. बस्स.

मग रिक्षा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये १ सप्टेंबर २०२२ पासून जे दर लागू झाले ते असे: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. हे मुलांना मी सांगत नाही. मी फक्त दोन पावत्या देते. अडीच किलोमीटरचे ४२ रुपये झाले, साडेचार किलोमीटरचे ७६ रुपये झाले. आता तुम्ही दर शोधा.

बरीच मुलं ७६ ला ४.५ ने भागतात. उत्तर येतं १६.८९. मग ४२ ला २.५ ने भागतात, येतं १६.८. दोन उत्तरं वेगळी आली की वर्गात कुजबुज सुरू होते. ही कुजबुज मला हवीच असते. मी विचारते, "पहिली रिक्षा आणि दुसरी रिक्षा यात फरक कशाचा?" "दोन किलोमीटरचा." "पैशांत फरक?" "चौतीस." "मग एकामागे किती?" "सतरा!"

झालं. य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, हे सूत्र मुलांनीच सांगितलं. फरक घेताना क्रम का सांभाळायचा तेही इथेच कळतं. पैशांत दुसऱ्यातून पहिली रिक्षा वजा केली, तर किलोमीटरमध्येही दुसऱ्यातून पहिलीच वजा करायची.

आता समीकरण. य = मक्ष + क. म सापडला, १७. क शोधायला कुठलीही एक पावती पुरते:

४२ = १७ × २.५ + क
४२ = ४२.५ + क
क = −०.५

म्हणजे य = १७क्ष − ०.५. दुसरी पावती टाकून तपासा: १७ × ४.५ = ७६.५, त्यातून अर्धा रुपया गेला, ७६. बरोबर.

इथे एखादा तरी हात वर येतोच. "मॅडम, शून्य किलोमीटरला वजा पन्नास पैसे? म्हणजे रिक्षात नुसतं बसलं तर रिक्षावाला आपल्यालाच आठ आणे देणार?" सगळा वर्ग हसतो. हसू द्या. कारण या प्रश्नातच मोठी गोष्ट आहे. ही रेषा दीड किलोमीटरच्या पुढेच खरी आहे. तिच्या आत भाडं २५ रुपयेच, म्हणजे आडवी रेषा. समीकरण मागेपुढे कितीही लांबतं, व्यवहार लांबत नाही. समीकरण लिहिलं की ते कुठून कुठपर्यंत खरं आहे हेही लिहायचं, ही सवय इथेच लावा.

आणखी एक गंमत. या दरांच्या आधी पहिल्या टप्प्याला २१ आणि पुढे किलोमीटरला १४ असा दर होता. त्याचं समीकरण मुलांना काढायला लावा. क येतो शून्य! य = १४क्ष. त्या वेळी सरळ भागाकार केला असता तरी दर बरोबरच आला असता. म्हणजे भागाकाराची सवय कधी चालते आणि कधी दगा देते ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. आपलं जुनं त्रैराशिक हे शून्यातून जाणाऱ्या रेषेचं गणित आहे. क शून्य नसला की त्रैराशिक चालत नाही. (खरा मीटर टप्प्याटप्प्याने सरकतो, पण शिकवण्यापुरती सरळ रेषा धरायला हरकत नाही.)

एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मीटरने कोण जातंय? आमच्याकडे शेअर रिक्षा. कुठंबी उतरा, तेवढेच पैसे." मी त्याला फळ्याजवळ बोलावून ती रेषा काढायला सांगितली. त्याने आडवी रेषा काढली. "एकामागे किती?" "काहीच नाही." शून्य चढ म्हणजे काय हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

पाण्याची टाकी: उतरणारी रेषा

ऋण चढासाठी लांब जायची गरज नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येऊ लागलं. या मुलांना टाकीचं गणित घरूनच माहीत आहे.

१००० लिटरची टाकी सकाळी सहाला भरली. अकरा वाजता पाहिलं तर ८०० लिटर उरलं. पाच तासांत २०० लिटर कमी झालं, म्हणजे तासामागे ४० लिटर कमी. चढ −४०. समीकरण य = १००० − ४०क्ष. टाकी कधी संपेल? य शून्य ठेवा. क्ष = २५, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. आणि पाणी येणार तिसऱ्या दिवशी सकाळी!

"मॅडम, पण रात्री कोण पाणी वापरतं?" हा प्रश्न मुलीच विचारतात, हे मी दरवर्षी पाहते. घरात पाण्याचा हिशोब कोणाकडे असतो ते यावरून कळतं. मग आम्ही रेषा पुन्हा काढतो. सकाळी उतरती, दुपारी कमी उतरती, रात्री आडवी. सरळ रेषेचा चढ सगळीकडे सारखाच असतो. चढ बदलला की रेषा मोडली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चढ हा शब्द मुलांच्या ओळखीचा आहे, त्याचाही उपयोग करा. लोणावळ्याला पोचण्याआधी रेल्वे बोरघाट चढते. तिथला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. चढ १/३७. एवढ्याशा चढाला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. पण सगळ्या घाटात चढ हाच आहे का? नाही. कुठे कमी, कुठे जास्त. म्हणून पूर्ण घाटाचं एका सरळ रेषेचं समीकरण लिहिता येत नाही, तुकड्यातुकड्याने लिहावं लागतं.

वडिलांचा टेपर

पालकसभेत एक वाक्य मला कायम ऐकू येतं. "मॅडम, आम्हाला गणित येत नाही, आम्ही काय सांगणार पोराला?" हे वाक्य बोलणारे एक वडील लेथवर काम करणारे होते. आयटीआय झालेले, वीस वर्षं भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये. मी त्यांना विचारलं, "टेपर कसा काढता?"

ते लगेच म्हणाले, "सोपं आहे. मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले लांबी."

मी मुलाला म्हटलं, "वहीतलं सूत्र वाच." त्याने वाचलं. वडिलांनी वही हातात घेतली, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे तर तेच की."

तेच आहे. टेपर पिनेचा टेपर १:५० असतो. म्हणजे ५० मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने वाढतो. बारीक टोक १० मिलिमीटर असेल तर लांबी क्ष असताना व्यास य = १० + क्ष/५०. पन्नास मिलिमीटरवर ११ मिलिमीटर. इथे क म्हणजे बारीक टोक आणि म म्हणजे टेपर. पुढे त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली, जी मी आता दरवर्षी वर्गात सांगते: व्यास दोन्ही बाजूंनी वाढतो, त्यामुळे एका कडेचा चढ त्याच्या निम्मा, १/१००. सीएनसी लेथवर तर काम चालतंच दोन अक्षांवर. सुरुवातीचा बिंदू आणि शेवटचा बिंदू दिला की टूल सरळ रेषेत जातं. दोन बिंदूंवरून एकच रेषा ठरते, हे भूमितीच्या पुस्तकातलं वाक्य त्या मशीनमध्ये रोज तीन शिफ्टमध्ये वापरलं जातं.

पालकहो, तुमच्या कामात 'एकामागे किती' कुठे येतं ते मुलाला एकदा सांगा. एका डायमागे किती जॉब, एका किलो मालामागे किती भंगार, एका लिटरमागे किती किलोमीटर. तुम्हाला गणित येतं. त्याला वहीत वेगळं नाव आहे, एवढंच.

मोडायला हवी ती रेषा

आता ज्या तासिकेसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

आमच्या भागात विदर्भ, मराठवाडा, खान्देशातून आलेली बरीच कुटुंबं आहेत. वडील चाकणला किंवा तळवड्याला ठेकेदाराकडे कामाला. आठ तासांची पाळी असते, पण घरी येतात बारा तासांनी. 'ओटी' हा शब्द या मुलांना पहिलीपासून माहीत असतो.

शेवटच्या तासिकेला मी हे उदाहरण देते. आकडे सोपे आणि काल्पनिक. तासाला १०० रुपये, आठवड्याला ४८ तास. तोपर्यंत य = १००क्ष. ४८ तासांचे ४८०० रुपये. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं तर जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यायचे असत. नव्या कामगार संहितेतही दुपटीचं तत्त्व कायम आहे. म्हणजे ४८ नंतर चढ १०० नाही, २००. रेषा ४८ पाशी मोडते आणि एकदम उभी होते.

नव्या तुकड्याचं समीकरण काय? चढ २०० आणि बिंदू (४८, ४८००). य − ४८०० = २००(क्ष − ४८). सोडवलं की य = २००क्ष − ४८००. पुन्हा क ऋण! रिक्षा आठवा. ही रेषाही ४८ च्या पुढेच खरी. साठ तास काम झालं तर १२००० − ४८०० = ७२०० रुपये. रेषा मोडलीच नाही, तर १०० × ६० = ६०००. फरक बाराशेचा, एका आठवड्यात.

दोन वर्षांपूर्वी ही तासिका झाल्यावर एक मुलगी मधल्या सुट्टीत आलेखाचा कागद घेऊन आली. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहून ठेवत. तिने पाच महिन्यांचे तास मोजले होते आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा कपातीआधीचा आकडा समोर मांडला होता. पगार महिन्याला, म्हणून तिने आठवडा न घेता महिना घेतला होता. सव्वीस दिवस, आठ तास, २०८. तिथे तिने लाल पेनने उभी रेघ मारली होती. पाचही बिंदू पट्टी ठेवून एका रेषेत आले होते. दोन लाल रेघेच्या अलीकडे, तीन पलीकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "मोडतच नाहीये."

तिच्या आकड्यांबद्दल इथे लिहीत नाही. ते तिच्या घरचे आहेत. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कायदा दिवस आणि आठवडा मोजतो, महिना नाही, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचा आहे. पण रेषा अजिबातच मोडत नाही, याचा अर्थ अंदाजानेही चुकत नाही. दोन, हा कागद आधी बाबांना दाखव, बाकी कोणालाही नाही. विचारायचं की नाही, कोणाला आणि कधी, हे त्यांनी ठरवायचं. नोकरी त्यांची आहे. घर त्यावर चालतं.

वडिलांनी बरेच दिवस काहीच केलं नाही. मग एक दिवस त्यांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरला एवढंच विचारलं की चिठ्ठीवर जादा तास वेगळे लिहून मिळतील का. पुढच्या महिन्यापासून वेगळा रकाना आला. दर मात्र तोच राहिला. सहा महिन्यांनी ते दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले आणि जाण्याआधी त्यांनी पहिला प्रश्न ओटीच्या दराचा विचारला. तिथे दुप्पट मिळतो. हे सगळं मला मुलीने सांगितलं, निकालाच्या दिवशी पेढे द्यायला आली तेव्हा. ती आता डिप्लोमाला आहे.

एका सहकारी शिक्षकांनी मला तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, हे सगळं कशाला? परीक्षेत येतं का?" प्रश्न रास्त होता. सराव परीक्षा तोंडावर होत्या. पण बघा, त्या मुलीने पाच बिंदू आलेखावर घेतले, चढ काढला, समीकरण लिहिलं, आणि ते समीकरण कुठून कुठपर्यंत खरं असायला हवं हे तपासलं. परीक्षेत यातला प्रत्येक भाग सुटा सुटा येतो. तिने तो एकत्र केला, कारण तिला उत्तर हवं होतं.

तुमच्या वर्गासाठी

शिक्षकांनो, काही गोष्टी जपा. मुलांच्या घरचा पगार वर्गात कधीही विचारू नका. आकडे काल्पनिकच घ्या. ज्याला घरचे आकडे मांडायचे आहेत तो घरी मांडेल. दुसरं, सूत्र शेवटी द्या. आधी 'एकामागे किती', मग 'फरक भागिले फरक', मग चिन्हं. तिसरं, क काढला की तो काय सांगतो हे वाक्यात लिहायला लावा. टाकीत सकाळी किती पाणी होतं, पिनेचं बारीक टोक किती, आणि क निरर्थक असेल तर का. चौथं, उभ्या रेषेला चढ शून्य नसतो. तिथे क्ष मधला फरकच शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून चढ ठरवता येत नाही. शेअर रिक्षाची आडवी रेषा आणि कारखान्याची उभी भिंत शेजारी शेजारी काढून दाखवा, घोळ होणार नाही.

आणि पालकांसाठी एक गृहपाठ. या रविवारी मुलासोबत बसून घरातली कुठलीही एक गोष्ट दोन वेळा मोजा. टाकीतलं पाणी, सिलिंडरचं वजन, गाडीचे किलोमीटर आणि पेट्रोल, काहीही. वेळ लिहा, आकडा लिहा. दोन बिंदू झाले. चढ काढा, समीकरण लिहा आणि तिसरा आकडा मोजण्याआधी सांगा. मग मोजा. जुळला तर छान. नाही जुळला तर रेषा कुठे आणि का मोडली ते दोघं मिळून शोधा.